सारख्या सुटणाऱ्या प्लग वायर आणि सिलिकॉनचा नवा सेट : काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीत सिलिकॉनच्या प्लग वायरींचा नवा सेट बसवून आता बरेच महिने झाले. मधल्या काळात कडक ऊन झालं, धो धो पाऊस झाला, घाटही चढून झाले, आणि पहिला दिवस सोडला तर तिसऱ्या सिलिंडरची वायर एकदाही सुटली नाही. म्हणून आता लिहायला बसलोय. नवी वायर सुरुवातीला सहसा घट्टच बसते, त्यामुळे पहिल्या आठवड्यात केलेल्या कौतुकावर मी स्वतः फारसा विश्वास ठेवत नाही.

गाडी पेट्रोलची, चार सिलिंडरची. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असण्याआधीच्या पद्धतीची, म्हणजे ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा एक कॉइल पॅक आणि त्यातून प्लगकडे निघणाऱ्या चार वायर. प्लग टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मधोमध खोल भोकांत बसलेले. त्रास असा की गाडी सुरू झाल्यावर ठीक चालायची आणि इंजिन तापलं की मिसिंग सुरू, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच पेटायचा नाही. आयडलिंगला स्टिअरिंग थरथरायचं, चढावर पिकअप मरायचा, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागायचा. स्कॅनरवर कोड यायचा पी०३०३, म्हणजे तिसरा सिलिंडर. बॉनेट उघडून तिसरं बूट, म्हणजे वायरच्या टोकाचं प्लगवर बसणारं रबर, दाबलं की खट् आवाज होऊन बसायचं आणि गाडी सुतासारखी सरळ. काही दिवसांनी पुन्हा तेच.

हा त्रास अंगवळणी पाडून घेऊ नका. दिवा नुसता लागलेला असणं वेगळं आणि लुकलुकणं वेगळं. लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल थेट एक्झॉस्टमध्ये जात असतं. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. वायरपेक्षा कन्व्हर्टर कितीतरी महाग. शिवाय अशा कॉइल पॅकमध्ये एक कॉइल दोन सिलिंडर सांभाळते, बहुतेक चार सिलिंडर गाड्यांत १ आणि ४ ची एक जोडी, २ आणि ३ ची दुसरी. एका वायरमध्ये फट पडली की कॉइलला ती फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं आणि जोडीदार सिलिंडरही कधीकधी अडखळतो. त्यामुळे कोड २ नंबरच्या सिलिंडरचा दिसला तरी तिसरी वायरही तपासावी.

जुना सेट काढल्यावर तिसरं बूट मी ब्लेडने उभं चिरून पाहिलं. आत प्लगच्या टोकाला धरणारी पत्र्याची छोटी क्लिप असते. तिचे दोन्ही ओठ फाकलेले होते, पितळ काळं पडलं होतं आणि एका कडेला हिरवट पांढरी भुकटी धरली होती. रबर इतकं कडक झालं होतं की बोटांनी दाबलं तर दबत नव्हतं. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत शिसपेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ होती. ती दिसली की समजायचं, ठिणगी प्लगच्या टोकाकडे न जाता बाहेरून उतरून थेट इंजिनच्या बॉडीला जातेय. ती रेघ पुसून काम भागत नाही. कार्बनचा तो माग वीज वाहून नेतो, त्यामुळे प्लग आणि बूट दोन्ही बदलावे लागतात. एकच बदललं तर जुन्यावरचा माग नव्यावर उठतो.

म्हणून चारही प्लग बदलले आणि ८ मिलिमीटर जाडीच्या सिलिकॉन वायरचा सेट घेतला. जाडीवर भाळू नका. जाड वायरमध्ये इन्सुलेशन जास्त असतं एवढंच, ठिणगी जोरदार होत नाही आणि गाडी जास्त पळत नाही. सिलिकॉनचा खरा फायदा उष्णतेत कळतो. इतक्या महिन्यांनंतरही बूट बोटांनी दाबलं की दबतं आणि सोडलं की मूळ आकारात येतं. मात्र सिलिकॉन फाटतंही लवकर, त्यामुळे पकडीच्या दातांनी ओढायचं नाही.

गंमत नाही, पण नवा सेटही पहिल्याच दिवशी वर आला. तेव्हा नीट विचार करायला बसलो. वायर सुटते याचा अर्थ तिला कोणीतरी खालून ढकलतंय, किंवा वरून ओढतंय, किंवा धरणाराच तिला धरत नाहीये. नुसतं दाबून बसवल्याने यातलं एकही थांबत नाही.

आधी ढकलणाऱ्याचं बघू. नवं बूट आणि प्लगची चिनीमाती यांच्यात फट राहत नाही. दाबताना आत हवा कोंडते, इंजिन तापलं की ती फुगते आणि बूट हळूहळू वर सरकतं. याला उपाय साधा आहे. बूट खाली ढकलताना त्याच्या ओठाशी पातळ केबल टायचं टोक सरकवून ठेवायचं, हवा फुस्स करून निघते, बूट खट् करून बसतं, मग टाय ओढून घ्यायचा. नव्या बुटांचं वर येणं माझ्याकडे याने थांबलं. डायइलेक्ट्रिक ग्रीस लावायचं तर बुटाच्या तोंडाशी आतून नुसता पातळ हात. हे ग्रीस वीज वाहत नाही, त्याचं काम ओल अडवणं आणि रबर चिनीमातीला चिकटू न देणं. भरभरून कोंबलं तर तेच पिचकारीसारखं बूट परत वर ढकलतं. बेअरिंगचं साधं ग्रीस अजिबात वापरू नका, त्यातल्या तेलाने रबर फुगतं. ढकलणारं आणखी एक कारण असतं, ते क्वचित सापडतं पण विसरू नये: प्लगच जर सैल असेल तर कॉम्प्रेशनचा वायू बाजूने निसटून भोकात भरतो आणि बूट उडवतो. बूट काढल्यावर प्लगच्या बुडाशी काळपट फुफाटा दिसला तर आधी प्लग ठरलेल्या टॉर्कप्रमाणे, म्हणजे नेमून दिलेल्या जोराने, आवळा.

आता धरणारा. क्लिप फाकली असेल तर नोज प्लायरने दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबून गोल भोकाचं किंचित लंबगोल करायचं. माझ्या नव्या सेटमधल्या एका वायरची क्लिप पाकिटातूनच सैल आली होती, हा या सेटवरचा माझा मुख्य आक्षेप. चार वायरींच्या सेटमध्ये निदान क्लिप तरी कंपनीने एकेक तपासून द्यायला हव्यात. दुसरी तपासणी प्लगच्या डोक्याची. काही प्लगांना वरचं टोक अखंड असतं, काहींना ४ मिलिमीटरच्या आट्यांवर बसणारी छोटी टोपी असते आणि ती हाताने फिरते. ही टोपी सैल असेल तर क्लिप टोपीला घट्ट धरते, पण टोपीच आट्यांवर हलत राहते. दाबल्यावर खट् आवाज येतो, म्हणून वायर बसली असं वाटतं, आणि मिसिंग मात्र जात नाही. नवे प्लग बसवण्याआधी चारही टोप्या पकडीने आवळून घ्याव्यात. काही गाड्यांच्या क्लिपला टोपीविना नुसते आटे लागतात, तेव्हा जुना प्लग शेजारी धरून बघायचा.

भोकात तेल साचत असेल तर यातलं काहीच टिकत नाही. टॅपेट कव्हरच्या आतली प्लग ट्यूबची सील गेली की तेल उतरतं, बूट बुळबुळीत होतं आणि रबर फुगून पकड सोडतं. आधी सील, मग वायर.

ओढणाऱ्याकडे लोक फारसे बघत नाहीत. तीन नंबरची वायर चारवर लावली तर ती पोहोचते, पण ताणून. इंजिन आपल्या माउंटिंगवर सारखं डुलत असतं आणि दर झटक्याला ती वायर थोडी ओढली जाते. बूट बसवल्यावर वायरमध्ये थोडी ढील दिसली पाहिजे. एक माणूस ब्रेक दाबून गिअर टाकत असताना दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतं ते पाहावं. जास्तच उचलत असेल तर माउंटिंगचं रबर गेलंय आणि दोष वायरचा नाही. वायर काढताना एकावेळी एकच काढा, नाहीतर फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, चुकते, जी बहुतेक चार सिलिंडरांत १-३-४-२ असते. काढताना वायर धरून कधीच ओढायची नाही, बूट धरून थोडं पिळायचं आणि मग वर घ्यायचं. इंजिन बंद आणि थंड असू द्या. यात वीस हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब खेळत असतो.

आता इतक्या महिन्यांनी सेट कसा आहे ते सांगतो. मल्टिमीटरवर चारही वायरींचा रोध बसवताना जेवढा होता जवळपास तेवढाच आहे. लांब वायरचा जास्त, आखूडचा कमी, असाच यायला हवा. कमाल किती चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं. कॉइलच्या बाजूची टोकं स्वच्छ निघाली. रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर फवाऱ्याने बारीक पाणी उडवलं, कुठे निळसर ठिणगी दिसली नाही. ही तपासणी लांबूनच करा, वायरीला हात न लावता.

नावडलेलं असं की वायरी एकमेकींपासून वेगळ्या ठेवणारे प्लास्टिकचे क्लॅम्प फार हलके आहेत. दोन तडकले, त्याजागी दुसरे लावले, कारण वायर एक्झॉस्टला टेकली की सिलिकॉनही टिकत नाही. वायरींवर छापलेले सिलिंडरचे नंबर उष्णतेने फिके पडलेत, म्हणून मी प्रत्येक वायरीवर रंगीत टेपच्या पट्ट्या मारून ठेवल्यात.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच सेट घेईन, पण दुकानात प्रत्येक क्लिप एखाद्या प्लगवर बसवून बघेन आणि वायरींची लांबी जुन्या सेटशेजारी ठेवून मोजेन.