जोंगाला ७.५०-१६ टायर : अकरा महिने, चौदा हजार किलोमीटर

सैन्याच्या लिलावातली जोंगा, म्हणजे सैन्याची जुनी फोर व्हील जीप, दोन हात फिरून माझ्याकडे आली. जबलपूरची बनावट, मूळचं ३,९५६ सीसीचं सहा सिलिंडर पेट्रोल इंजिन. त्याला पेट्रोल पाजून पाजून आधीचा मालक वैतागला आणि त्याने टाटा ४०७ टेम्पोचं ४९७ नावाचं डिझेल इंजिन बसवलं. आरसीवर नोंदही करून घेतली, हे त्याचे उपकार. टायर मात्र ६.५०-१६ (रुंदी साडेसहा इंच, रिम सोळा इंची) चेच ठेवले, तेही तडकलेले.

डिझेलचा दम तीन हजार आरपीएमच्या आत संपतो आणि एक्सलची दातगणती राहते पेट्रोलच्या हिशेबाची, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे फेरे जास्त. त्यामुळे सपाट रस्त्यावरही पंचावन्नला इंजिन बोंबलायचं. ही दातगणती बदलायला एक्सलमधल्या डिफरन्शियलचं काम काढलं असतं तर पार्ट शोधण्यातच वर्ष गेलं असतं. मोठं चाक हा त्यावरचा स्वस्त उतारा.

मित्रमंडळींचा आग्रह रुंद, पांढऱ्या अक्षरांच्या मड टायरचा होता. फोटोत दिसतात छान! मी आधी गाडी वजनकाट्यावर नेली. आधी पूर्ण गाडी, मग नुसती पुढची चाकं. रिकामी गाडी २,१४० किलो, त्यातले १,१८० पुढे. म्हणजे पुढच्या एकेका टायरवर जवळजवळ सहाशे किलो, आणि घाट उतरताना ब्रेक दाबला की त्याहून जास्त. हा आकडा हातात असल्याशिवाय टायरच्या दुकानात जाऊ नका. नाहीतर दुकानदार त्याच्याकडे पडून असलेला माल तुमच्या गळ्यात मारतो.

शेवटी घेतले ७.५०-१६, नायलॉन (जुन्या पद्धतीचा, आडव्यातिडव्या थरांचा), १२ प्लाय (थरांच्या ताकदीचा दर्जा), चारही चाकांना लग पॅटर्न, म्हणजे आडव्या जाड ठोकळ्यांची नक्षी. कंपनी विचारू नका. या मापात साईज आणि प्लाय आधी बघायचे, नाव नंतर. दुकानदार १६ प्लाय घ्या म्हणत होता. पण तो टायर मालवाहू टेम्पोच्या वजनासाठी असतो. माझ्या गाडीखाली तो दगडासारखा राहिला असता. १२ प्लायवालाही एकटा टनावर वजन पेलतो, म्हणजे मला भरपूर झाला. रेडियल का नाही? आमच्या शेताकडे, हिर्डस मावळात, शेवटचे चार किलोमीटर फुटलेल्या काळ्या पाषाणाचे आहेत. रेडियलची बाजू मऊ असते आणि धारदार दगड नेमका तिथेच लागतो. नायलॉनमध्ये सगळे थर बाजूलाही येतात. अकरा महिन्यांत बाजूला तीन ओरखडे आले, दोरा एकदाही दिसला नाही.

रिमची रुंदी मात्र तपासा. माझ्या रिम अरुंद होत्या, त्या बदलाव्या लागल्या. टायरइतकाच खर्च त्यात गेला असं बायकोचं म्हणणं आहे, आणि हिशेबाची वही तिच्याकडे असते.

फरक किती पडला ते खडूने मोजलं. टायरवर खूण करून गाडी एक फेरा ढकलली. जुन्यावर २ मीटर २९ सेंटीमीटर, नव्यावर २ मीटर ४६. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६४ ला असते. इंजिन शांत झालं. घाटात मात्र जिथे तिसऱ्यावर चढायची तिथे आता दुसरा टाकावा लागतो.

चिखलात हा अरुंद टायर सोनं आहे. पावसाळ्यात खाचराच्या बांधावरून जाताना रुंद टायर वरच्या वर तरंगतो. हा चिखल कापून खालच्या मुरमाला जाऊन भिडतो. जुलैत शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रुतला होता तिथून मी बाहेर आलो. (तो अजून मान्य करत नाही.)

आता दुखणी. रात्रभर उभी राहिली की टायर खाली चपटा होतो आणि सकाळी पहिले दोन किलोमीटर गाडी थडथडते. ओल्या डांबरावर पकड सुमार आहे. वरंधा घाटात पावसात दोनदा मागची बाजू सरकली. पॉवर स्टेअरिंग नाही, त्यामुळे जागेवर चाक वळवायला दोन माणसांची ताकद लागते. पूर्ण वळवलं की टायर स्प्रिंगच्या पाट्याला घासायचा, ते चाकाचं वळणं अडवणाऱ्या स्टॉपरचा बोल्ट वाढवून थांबवलं. हवा पुढे ४५, मागे ३८ पीएसआय ठेवतो. चिखलात २५ च्या खाली जात नाही. आत ट्यूब आहे, हवा कमी असली की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबची मान तुटते. एकदा तुटली, तेव्हा कळलं.

एक मूर्खपणाही सांगतो. स्टेपनी म्हणून फुकट मिळालेला त्याच मापाचा रेडियल ठेवला होता. पंक्चर झालं, तो पुढे लावला आणि फोर व्हील टाकून डांबरावर आठ-दहा किलोमीटर गेलो. माप छापील एकच असलं तरी रेडियल आणि नायलॉन एका फेऱ्यात सारखंच अंतर कापतील असं नसतं. पुढच्या-मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नसल्याने सगळा ताण गिअरांवर आला आणि ट्रान्सफरचा (फोर व्हील टाकण्या-काढण्याचा) लिव्हर अडकला. गाडी मागे घेत घेत एकदाचा तो सुटला. दुसऱ्याच दिवशी पाचवा नायलॉन घेतला.

लगची खोली नवी असताना १५ मिलिमीटर होती, आता साडेनऊ. पुढच्या टायरच्या कडा करवतीसारख्या झाल्यात, कारण मी अदलाबदल आळसाने उशिरा केली. आता दर चार हजारांना करतो. स्टेपनी मागच्या दारावर टांगली होती, पण वजनाने बिजागरी चिरली. सध्या ती हौद्यात आडवी पडलेली असते आणि खताच्या गोण्या तिच्यावर बसतात.