स्कार्लेट सोलो, लिनक्स आणि नागपूरचा उन्हाळा

माझ्याकडे ॲम्प नाही. गिटार फोकसराइटच्या स्कार्लेट सोलो या यूएसबी साउंड कार्डात, सोलो लॅपटॉपात, लॅपटॉपवर उबुंटू स्टुडिओ हे लिनक्स आणि गिटारिक्स हा सॉफ्टवेअरमधला ॲम्प. सोलो तिसऱ्या पिढीचं, सेकंडहँड. चार महिने झाले, आता बोलायला हरकत नाही.

ड्रायव्हरची भानगड नाही. यूएसबी खोचली की अल्सा, म्हणजे लिनक्सची ध्वनिव्यवस्था, कार्ड ओळखते. पण पहिल्या दिवशी तार छेडली अन् आवाज मागाहून आला. लॅपटॉप आवाज तुकड्या-तुकड्यांनी (पीरियड) बफरमध्ये साठवून पुढे पाठवतो. तो तुकडा १०२४ फ्रेमचा, म्हणजे नमुन्यांचा होता; सेकंदाला ४८ हजार नमुन्यांनी (४८ किलोहर्ट्झ) नुसता एक पीरियडच २१ मिलिसेकंदांचा. सोलोवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण आहे, गाणाऱ्याचं त्यावर भागतं. माझं नाही भागत. त्यातून कोरी गिटार ऐकू येते, डिस्टॉर्शन लॅपटॉप फिरूनच येणार.

मग जॅक, म्हणजे कार्ड आणि प्रोग्रॅममध्ये आवाजाची ने-आण करणारा सर्व्हर, ६४ फ्रेम, ३ पीरियडवर आणला. यूएसबी कार्डाला दोनापेक्षा तीन मानवतात. जॅक चालवायचा प्रोग्रॅम क्यूजॅक-कंट्रोल म्हणे उशीर ४ मिलिसेकंद. त्यावर जाऊ नका बाप्पा! तो फक्त बाहेर जाणाऱ्या बफरचा हिशोब. आत येतानाचा पीरियड, यूएसबी, कन्व्हर्टर, हे सगळं वेगळं. गिटारचीच केबल आउटपुटातून इनपुटात लावली आणि जॅकसोबत येणाऱ्या साधनाने जाऊन-येऊन वेळ मोजला: ८ मिलिसेकंदांच्या थोडा वर. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे ॲम्प खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ठेवला, एवढाच फरक. बोटांना तो कळत नाही.

एक्सरनने, म्हणजे बफर वेळेत न भरल्याने आवाज तुटण्याने, मात्र जीव खाल्ला. दर दोन मिनिटांनी कट्‌कट्. कार्डाला शिव्या घातल्या, चोर निघाला लॅपटॉप. लिनक्सच्या ऑडिओ ग्रुपात स्वतःचं नाव घालून जॅकला रिअलटाइम प्रायॉरिटी (इतर कामांच्या आधी नंबर) दिली, प्रोसेसरचा वेग ठरवणारा सीपीयू गव्हर्नर परफॉर्मन्सवर टाकला. तरी थोडं उरलंच. ते वायफाय बंद केल्यावर गेलं. रिअलटाइमचा पॅच २०२४ मध्ये ६.१२ पासून लिनक्सच्या मूळ कर्नलमध्येच (गाभ्यात) आला आहे, पण ६४ फ्रेमसाठी मला त्याची गरज पडली नाही.

आता मे सुरू आहे. दुपारी लॅपटॉप तापतो, प्रोसेसर आपला वेग उतरवतो आणि ६४ वर पुन्हा कट्‌कट्. कूलर लावावा तर त्याची मोटर गिटारच्या पिकअपमधून घुरघुरते. त्यामुळे पहाटे ६४ वर वाजवतो. दुपारी १२८ वर, कूलर बंद, डोक्याला ओला दुपट्टा.