वार्षिकांकाचा पानतक्ता : जून ते जानेवारी वापरून पाहिल्यावर

नाशिकमधल्या एका मराठी शाळेत वार्षिकांकाचं काम माझ्याकडे असतं. या वर्षी शाळा उघडताच आम्ही एका ऑनलाइन शीटवर पानतक्ता सुरू केला. एक ओळ म्हणजे अंकाचं एक पान. पुढे विषय, कोणाकडे दिलंय, मजकूर आला का, फोटो आला का, प्रूफ कोणी वाचलं. अंक आता छापून हातात आलाय आणि हा तक्ता मी यापुढे सोडणार नाही.

खरा उपयोग झाला तो दुसऱ्या टॅबचा. त्यात हजेरीपटाप्रमाणे सगळ्या मुलांची नावं घेतली आणि कोण किती पानांवर आहे याची नोंद ठेवली. वार्षिकांकात वर्षानुवर्षं तीच मुलं दिसतात : वक्तृत्वातली, कबड्डीच्या संघातली, गॅदरिंगच्या नाचात पुढच्या रांगेतली. दिवाळीच्या सुट्टीआधी टॅब उघडला तर कितीतरी नावांपुढे वर्गफोटोशिवाय काहीच नव्हतं. संपादक मंडळातली मुलं मग आपणहून त्यांच्याकडे गेली. पंचवटीच्या मार्केट यार्डात वडिलांच्या हाताखाली काम करणाऱ्या एका मुलाने भाजीचा लिलाव कसा चालतो ते लिहून दिलं. वर्गात फारसं न बोलणाऱ्या एका मुलीने गोदावरीच्या पुरावर लिहिलं. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावरून तिची आजी पूर कसा मोजते, ते. माझ्या मते अंकातली ही सर्वांत सकस पानं आहेत आणि तो टॅब नसता तर ती आलीच नसती.

वेळापत्रक मात्र शेवटाकडून बांधावं लागतं. दहावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणून आमचा निरोप समारंभ जानेवारीअखेर. त्या दिवशी अंक मिळाला नाही तर दहावीची मुलं पांगतात. म्हणून अंकाचं वर्ष आम्ही फेब्रुवारी ते डिसेंबर धरलं. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन कुसुमाग्रजांच्या नाशकात वगळणं शक्यच नव्हतं. त्याचे फोटो आदल्या शैक्षणिक वर्षातल्या कार्यक्रमाचे घेतले आणि खाली तसं स्पष्ट लिहिलं.

छपाईचा हिशेबही तक्त्यात आधीच घातला होता. अंक ६४ पानांचा, म्हणजे १६ पानांचे चार फर्मे (फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं). तीन फर्मे एका रंगात, ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथो या साध्या छपाईच्या कागदावर. चौथा रंगीत, गुळगुळीत आर्ट पेपरवर, सहल आणि गॅदरिंगसाठी राखीव. रंगीत फोटो अंकभर विखुरले तर प्रत्येक फर्मा रंगीत होतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. पहिले तीन फर्मे नोव्हेंबरातच तपासून झाले, त्यामुळे गॅदरिंगनंतर फक्त एकाच फर्म्याची धावपळ उरली.

तक्त्याने न सुटलेल्या गोष्टीही आहेत. मोबाइलच्या पडद्यावर इतके रकाने वाचणं त्रासाचं होतं. पालकांकडून चॅटवर फिरत आलेले फोटो आकसलेले असतात. ए-फोरच्या पूर्ण पानाला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणून मूळ फाइलच मागायची. आणि छापखान्यात आमचा युनिकोड मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटली. 'सूर्य', 'आश्चर्य', 'कर्तृत्व' असे शब्द ओळीओळीत शोधत मुलांनी कागदावरच प्रूफं वाचली. ऑनलाइन वाचून ही चूक सापडत नाही; कंटाळा आला तरी छापील प्रूफ मागाच.

आणखी एक, शीटमध्ये बदल करण्याचा अधिकार सगळ्यांना देऊ नका. मुलांनी सूचना लिहायच्या, ओळ बदलायची ती एकाच शिक्षकाने. फोटोसाठी पालकांचं संमतीपत्र जूनमध्येच, प्रवेशाच्या कागदांबरोबर घ्या. अंक छपाईला जाताना ते गोळा करत बसणं फार कठीण जातं.

संगणक नसलेल्या शाळेने स्टाफरूमच्या भिंतीवर कार्डशीट लावून ६४ चौकोन आखले तरी भागेल. नावांची यादी मात्र त्याच्या शेजारीच लावा, आणि पहिल्या सत्राच्या शेवटी ती मुलांनाच वाचू द्या.