तोस्कानो की निकाराग्वाचा रोबुस्तो?

चव साधी, पण जोर भरपूर असा सिगार हवा असलेला एक स्नेही इटलीचा तोस्कानो आणि निकाराग्वातील एस्तेली येथे वळला जाणारा लिगेरो पानांचा रोबुस्तो (आखूड, जाडसर आकाराचा सिगार) यांत अडकला आहे. डब्यांवरील चॉकलेट-मनुकांची वर्णने बाजूला ठेवूनच ही तुलना केली आहे.

तोस्कानोसाठी केंटकी जातीचा तंबाखू लाकडाच्या धुरावर सुकवतात. त्यामुळे धूर, चामडे आणि किंचित आंबूसपणा एवढीच त्याची चव असते आणि ती शेवटपर्यंत फारशी बदलत नाही. लिगेरो म्हणजे रोपाच्या शेंड्याकडील, सर्वाधिक ऊन खाल्लेली जाड पाने. त्यांत जोर भरपूर असतो, चव मिरी आणि मातीची असते, आणि धूर अधिक दाट व गुळगुळीत लागतो. दोन्ही रिकाम्या पोटी ओढल्यास मळमळ ठरलेलीच.

खरा फरक निगराणीत आहे. रोबुस्तोला सुमारे 65 ते 70 टक्के आर्द्रतेची पेटी लागते, तर तोस्कानो मुळातच कोरडा असल्याने साध्या डब्यातही टिकतो. शिवाय तो मधोमध कापून दोनदा ओढता येतो, म्हणून खर्चही कमी. दिसायला मात्र तो वाळक्या काटकीसारखाच!

रोबुस्तोला पाऊण तास ते तासभर लागतो. जेवणानंतरची निवांत संध्याकाळ आणि पेटी सांभाळण्याची हौस असेल, त्याने तो घ्यावा. क्वचित, थोडक्या वेळात ओढणाऱ्याला अर्धा तोस्कानो पुरेसा आहे.