कमरेच्या ग्लॉकला हलका चाप: बाहेरच्या ट्रिगर किटचा अनुभव

टेक्ससमध्ये मी परवाना घेऊन रोज कमरेला पाचव्या पिढीचे ग्लॉक १९ बाळगतो. या पिस्तुलाबद्दल माझी एकच तक्रार होती, ती त्याच्या चापाची, म्हणजे ट्रिगरची. सुरुवातीची ओढ सैल, मग अडथळा, आणि त्या अडथळ्यापाशी किंचित खरखर. ट्रिगर-काट्यावर दहा वेळा मोजून सरासरी काढली तेव्हा ती पावणेसहा पौंड, म्हणजे सुमारे २.६ किलो भरली. म्हणून एका बाहेरच्या कंपनीचा संपूर्ण किट मागवला. त्यात ॲल्युमिनियमचा सपाट चाप, घासून गुळगुळीत केलेला ट्रिगर बार (चापाची हालचाल मागे पोचवणारी पट्टी), हलका कनेक्टर (शेवटी त्या बारला खाली उतरवणारा छोटा भाग) आणि बदली स्प्रिंगा होत्या. कंपनीचे नाव मी येथे देत नाही, कारण माझ्या हाती आलेल्या एका नगावरून तिच्या सगळ्या मालाबद्दल मत देणे योग्य होणार नाही.

नेमबाजीच्या मैदानावर किटने जे सांगितले ते करून दाखवले. ओढ सव्वातीन पौंडांवर आली, चाप सुटल्यानंतरची निरर्थक हालचाल जवळजवळ संपली आणि २५ यार्डांवर तळहाताएवढा पसरणारा दहा गोळ्यांचा समूह मुठीएवढा झाला. निव्वळ लक्ष्यावरच्या नेमबाजीसाठी हे पिस्तूल वापरायचे असते, तर माझे परीक्षण येथेच संपले असते.

परंतु ग्लॉकला अंगठ्याने लावायची वेगळी सेफ्टी नसते, आणि म्हणून त्याच्या चापाची ओढ व प्रवास हा सुरक्षेचाच भाग असतो. चाप दाबण्यापूर्वी स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आघात करणारी स्प्रिंगची दांडी, अर्धवटच ताणलेला असतो. चाप मागे जाताना ट्रिगर बार त्याला उरलेला ताण देतो, त्याच बारचा उभा भाग स्ट्रायकर अडवून धरणारी खुंटी वर उचलतो, आणि बारची क्रुसासारखी आडवी पट्टी आपल्या कट्ट्यावरून मागे सरकून शेवटी कनेक्टरमुळे खाली उतरते तेव्हाच स्ट्रायकर सुटतो. म्हणजे चापाच्या पात्यातली छोटी सेफ्टी-पट्टी सोडली, तर उरलेल्या दोन्ही अंतर्गत सेफ्ट्या (ती खुंटी आणि तो कट्टा) या एकाच ट्रिगर बारच्या मापावर अवलंबून आहेत, आणि किटमध्ये नेमका तोच बार बदललेला असतो.

शस्त्र-कारागीर तपासणीसाठी मागच्या बाजूला खिडकी असलेले झाकण वापरतात. ते बसवून, पिस्तूल रिकामे असल्याची डोळ्यांनी आणि करंगळीने दोनदा खात्री करून, मी टेबलावर टॉर्च धरली. स्ट्रायकरच्या पायाशी ट्रिगर बारची पकड किमान दोन-तृतीयांश असावी, असा कारागिरांचा दंडक आहे. मूळ बारवर ती स्पष्टपणे त्याहून अधिक दिसत होती. किटच्या बारवर ती निम्म्याच्याही आत होती. पात्याच्या कडेने चाप दाबून पाहिला तर तो हलत नव्हता, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढल्यावर चाप व्यवस्थित परत बसत होता. म्हणजे घरी सहसा केल्या जाणाऱ्या साध्या चाचण्या किट उत्तीर्ण झाला होता. कमी पकड फक्त त्या खिडकीतून दिसली.

पिस्तूल हातून पडण्याचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. अमेरिकी शस्त्र-उद्योगाच्या प्रमाणित चाचणीत, गोळीऐवजी फक्त प्रायमर (ठिणगी पाडणारी टोपी) असलेली पुंगळी भरून, शस्त्र ४ फुटांवरून काँक्रीटवर अंथरलेल्या १ इंच जाडीच्या रबरावर वेगवेगळ्या दिशांनी पाडतात. कारखान्यातून आलेले ग्लॉक अशा चाचण्यांतून गेलेल्या रचनेचे असते. आपण भाग बदलले की ती हमी आपल्या पिस्तुलाला लागू राहत नाही. ओढीप्रमाणेच चापाच्या तुकड्याचे स्वतःचे वजन किती आहे यालाही महत्त्व असते. २०१७ साली सिग सावरच्या पी ३२० या पिस्तुलात विशिष्ट कोनात पडल्यावर गोळी सुटण्याचा दोष समोर आला, तेव्हा कंपनीने केलेल्या सुधारणेत चापाचे स्वतःचे वजन कमी करणे हाही एक भाग होता, कारण आपटल्यावर जड चाप स्वतःच्या जडत्वाने मागे जाऊ शकतो. प्लॅस्टिकच्या जागी धातूचा चाप बसवताना हे आठवावे.

माझा निर्णय मात्र एका जाकिटाच्या दोरीने पक्का केला. मी आठवड्यातून तीनदा, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, होल्स्टरमधून (पिस्तुलाच्या म्यानातून) पिस्तूल काढण्या-ठेवण्याचा सराव करतो. हिवाळी जाकिटाच्या कमरेच्या दोरीला असतो तसला प्लॅस्टिकचा गोळा पिस्तूल परत ठेवताना होल्स्टरच्या तोंडाशी आला आणि चापाभोवतीच्या कड्यात शिरला. मला अडथळा असा जाणवलाच नाही. नुसता ‘टक्’ आवाज आला, म्हणजे चाप दाबला जाऊन स्ट्रायकर सुटला होता. मूळ चाप बसवून तोच प्रकार मुद्दाम अनेकदा करून पाहिला, तेव्हा बहुतेक वेळा पिस्तूल मध्येच अडल्याचे हाताला कळले आणि मी थांबू शकलो. बहुतेक वेळा, प्रत्येक वेळी नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

त्यानंतर मी मागचे झाकण बदलून बिजागरीचे झाकण लावले. स्ट्रायकर कंट्रोल डिव्हाइस असे त्याचे नाव असून सगळे त्याला ‘गॅजेट’ म्हणतात. चाप मागे जाऊ लागला की स्ट्रायकरचे मागचे टोक या झाकणाला बाहेर ढकलते. होल्स्टरमध्ये ठेवताना अंगठा त्यावर टेकलेला असेल तर ती हालचाल लगेच जाणवते आणि अंगठ्याच्या दाबाने अडवताही येते. अंगठा नसेल तेव्हा पिस्तूल नेहमीसारखेच चालते. दोरीचा प्रयोग यासह केला आणि दर वेळी अंगठ्याने चाप थांबला. रोज बाळगणाऱ्याने पैसे खर्च करायचेच असतील, तर ते आधी यावर आणि चापाचे कडे पूर्ण झाकणाऱ्या ताठ होल्स्टरवर करावेत.

चापाची ओढ जितकी जड तितके पिस्तूल सुरक्षित, असे मात्र माझे म्हणणे नाही. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी अनेक वर्षे सुमारे १२ पौंडांचा चाप वापरला. इतक्या ओढीने नेम हलतो, आणि चुकलेली गोळीही कोणाला तरी लागतेच. खरखर कमी करायची असेल तर मूळ भाग हजारभर गोळ्यांनी आपोआप घासले जाऊ द्यावेत. माझ्या पिस्तुलात तेवढ्याने बराच फरक पडला.

नव्याने अमेरिकेत आलेल्या मराठी मित्रांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असणाऱ्यांना संघराज्याच्या कायद्याने, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद वगळता, शस्त्र बाळगता येत नाही. टेक्ससने २०२१ पासून परवान्याची सक्ती काढली असली तरी त्याने हा नियम बदलत नाही.

किटला मैदानासाठी चार तारे देतो, कमरेसाठी एकही नाही. त्याचा चाप आणि कनेक्टर आता माझ्या दुसऱ्या, फक्त लक्ष्यावर चालवायच्या ग्लॉकमध्ये आहेत, कारखान्याच्या मूळ ट्रिगर बारसह. किटचा बार मी डबीत घालून त्यावर ‘वापरू नये’ असे लिहून ठेवले आहे.