व्हिक्टोरियन कादंबरीतली बाई: आधी कोणतं पुस्तक उचलावं?

"व्हिक्टोरियन कादंबऱ्यांतल्या बायका कशा असतात ते बघायचंय, पण वेळ एकाच पुस्तकापुरता आहे," असं भाचीने विचारलं तेव्हा मी सवयीने 'जेन एअर' सांगून मोकळी झाले. सगळे तेच सांगतात. रात्री वाटलं, जरा घाईच केली.

अशी पुस्तकं वाचताना मी दोन गोष्टी बघते: बाईच्या हातात पैसा कुठून येतो, आणि खोलीची किल्ली कोणाकडे असते. कारण त्या काळच्या, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या अमदानीतल्या, इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईची कमाईसुद्धा नवऱ्याची होई. ती तिची स्वतःची ठरली १८७०च्या कायद्याने, आणि मालमत्तेवरचा पुरता हक्क मिळायला १८८२ उजाडलं.

'जेन एअर' (१८४७) या हिशेबात मजेशीर आहे. शार्लट ब्राँटे पैशांचे आकडे लपवत नाही. शाळेत शिकवताना अनाथ जेनला वर्षाला पंधरा पौंड मिळतात, थॉर्नफिल्ड या रॉचेस्टरच्या वाड्यावर शिकवणीसाठी तीस. पुढे काकाचे वीस हजार पौंड येतात, त्याचे ती चार वाटे करते आणि मगच, जिच्यावर प्रेम असूनही सोडून आली होती त्या रॉचेस्टरकडे परत जाते. आवाज तिचा स्वतःचा, पहिल्या पानापासून धारदार. वाचायला सगळ्यांत सोपी हीच. (सेंट जॉन हा तिचा पाद्री आतेभाऊ तिला मिशनरी बायको म्हणून हिंदुस्थानात न्यायला बघतो आणि त्यासाठी चक्क हिंदुस्थानी भाषा शिकवतो, ते प्रकरण आपल्याला जरा जास्तच गमतीचं वाटतं.)

पण या पुस्तकात दुसरी एक बाई आहे, रॉचेस्टरने जमैकाहून लग्न करून आणलेली, माडीवर कोंडलेली त्याची पहिली बायको बर्था. किल्ली तिच्या हाती नाही आणि तोंडी शब्दही नाही. जेन तिला पहिल्यांदा नीट बघते तेव्हा हा माणूस की जनावर, असा तिलाच प्रश्न पडतो. जेनचा संसार उभा राहावा म्हणून बर्थाला मरावं लागतं. पहिल्या वाचनात मला हे खटकलंच नव्हतं. दुसऱ्या वाचनापासून तेवढंच खटकतंय.

शार्लटच्या धाकट्या बहिणीची, ॲनची, 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' (१८४८) याच्या शेजारी ठेवून बघा. यातली नायिका हेलन प्रेमात पडूनच लग्न करते. आपण नवऱ्याला सुधारू, हा तिचा भ्रम. तसा भ्रम बाळगणाऱ्या मुली आजही आपल्या ओळखीत निघतील. नवरा दारुडा, बाहेरख्याली. एका रात्री ती आपल्या खोलीत जाऊन आतून कडी लावते. तो दार ठोठावतो, ती उघडत नाही. पुढे तो लहानग्या पोराला दारू आणि शिव्या शिकवू लागतो, तेव्हा ती चित्रं विकून पोट भरायचं आणि पोराला घेऊन निघून जायचं ठरवते. तो तिची डायरी वाचतो, किल्ल्या काढून घेतो आणि रंग, ब्रश सगळं शेकोटीत घालतो. तो प्रसंग वाचताना रंग पेटल्याचा वास नाकात येतो. कथा घडते १८२०च्या दशकात, म्हणजे मुलावर हक्क बापाचा. ती पळते ते कायद्याच्या विरोधात जाऊन, आणि नाव बदलून राहते.

हे परक्या देशातलं म्हणून सोडून द्यावं असंही नाही. बायकोने नांदायला यावं म्हणून नवऱ्याने लावायचा दावा आपल्याकडे आला तोच इंग्लंडमधून. तिकडे असा हुकूम मोडल्याबद्दलची कैद १८८४मध्ये रद्द झाली. त्याच वर्षी मुंबईत रखमाबाईंवर दावा लागला, आणि १८८७मध्ये त्यांना नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असं सांगण्यात आलं.

'टेनंट'चा दोष सांगते: हेलनची कहाणी एका पुरुषाच्या लांबलचक पत्रात गुंडाळलेली आहे आणि पहिली पंधरा प्रकरणं रेंगाळतात. शिवाय हेलन फारच सज्जन आहे. मरणाऱ्या नवऱ्याची शुश्रूषा करायलाही परत जाते. ॲन गेल्यावर खुद्द शार्लटला हे पुस्तक पुन्हा छापावंसं वाटलं नाही. विषयाची निवडच चुकली, असं तिचं मत होतं. मला नेमकी तीच शिफारस वाटते.

डिकन्सकडे या प्रश्नासाठी जाऊ नका. 'डेव्हिड कॉपरफिल्ड'मधली नायकाची बायको डोरा पाककृतींचं पुस्तक कुत्र्याला वर उभं राहायला वापरते. प्रसंग झकास, पण बाई म्हणून तिला पुढे जागा उरत नाही.

जॉर्ज एलियटचं 'मिडलमार्च' (१८७१-७२) हे यातलं सगळ्यांत मोठं पुस्तक, दोन्ही अर्थांनी. लोक डोरोथियासाठी वाचतात. विशीही न गाठलेली ही मुलगी एका शुष्क विद्वानाला आयुष्य देऊन बसते, आणि तो मेल्यावरही मृत्युपत्रातून तिच्यावर पहारा ठेवतो. माझं लक्ष मात्र यातल्याच दुसऱ्या एका बायकोवर, रोझमंडवर. तिच्या शाळेत गाडीत चढायचं-उतरायचं कसं, हेसुद्धा शिकवलेलं. नवरा कर्जात बुडालाय, घर भाड्याने द्यायला निघालाय, आणि ही गोड चेहऱ्याने परस्पर दलालाकडे जाऊन ते थांबवून येते. तिचा राग येतो आणि मग कळतं, तिला दुसरं काही शिकवलंच नव्हतं. संसाराची दहाएक वर्षं झाली असतील तर थेट हेच घ्या. विशीत मला ते अर्ध्यात सोडावं लागलं होतं.

हार्डीची 'टेस' (१८९१) शेवटी ठेवा. लग्नाच्या रात्री टेसचा नवरा एंजल लग्नाआधीची आपली चूक सांगतो, टेस लगेच माफ करते. ती आपली सांगते, त्याला माफ करता येत नाही. व्हिक्टोरियन नीतीचं दुटप्पीपण इतक्या थोड्या पानांत दुसरीकडे सापडणार नाही. मात्र हार्डी टेसच्या इतका प्रेमात आहे की तिच्या ओठांवरून त्याची नजर हटत नाही. तिचे विचार कमी कळतात, तिचं दिसणं फार. मासिकात छापताना तर एंजलने गवळणींना उचलून पाण्यापलीकडे नेणंही चाललं नाही, त्यासाठी हातगाडी आणावी लागली!

भाचीला दुसऱ्या दिवशी फोन करून निवड बदलली. 'टेनंट' घेऊन गेली आहे. सोळाव्या प्रकरणापाशी, जिथे हेलनची डायरी सुरू होते, मी बसचं तिकीट खोचून ठेवलंय. कंटाळा आला तर सरळ तिथे उडी मार, असं सांगितलंय.