सांगलीतला मुलांचा सुईकामाचा वर्ग: वर्षभराच्या अनुभवावरून

गेल्या जूनपासून माझी 11 वर्षांची मुलगी आणि 8 वर्षांचा मुलगा सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या आतल्या एका गल्लीत भरणाऱ्या सुईकामाच्या वर्गाला जात आहेत. वर्गाला पाटी नाही. एका घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत शिकवणाऱ्या बाई, ज्यांना सगळे ‘आपा’ (ताई) म्हणतात, मुलांना भरतकाम, क्रोशाचे विणकाम, गोधडी आणि हातशिलाई शिकवतात. येणारी मुले बहुतेक मुस्लिम घरांतली आहेत. ओळखीच्या कितीतरी आया मला विचारतात की, तिथे दीनचा (इस्लाम धर्माचा) विचार ठेवून शिकवतात म्हणजे नेमके काय करतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

याआधी मुलगी दुसऱ्या एका छंदवर्गाला जात असे. तिथे मॅटी कापडावर फुली टाक्याने बाहुली भरायला दिली होती. तिने झगा भरला, वेणी भरली, हातातली टोपली भरली आणि सजीवांचे चेहरे न काढण्याच्या आमच्या घरच्या धार्मिक रीतीप्रमाणे चेहरा कोरा ठेवला. ‘नमुना अपुरा’ असा शेरा आला आणि वर्गाअखेरच्या प्रदर्शनात तो नमुना मांडला गेला नाही. शिकवणाऱ्या बाईंच्या मनात वाईट काही नव्हते, फक्त चेहरा कोरा का, हे विचारायचे त्यांना सुचले नाही. पण पुढचे तीन महिने मुलीने सुई हातात धरली नाही.

आपांनी नाव घालतानाच विचारले की, घरात माणसांची, जनावरांची चित्रे भरलेली चालतात का, आणि चेहरा नसलेली बाहुली चालते का. या बाबतीत उलेमांमध्ये (धर्मपंडितांमध्ये) मतभेद आहेत. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा लहानपणी बाहुल्यांशी खेळत असत, या हदीसच्या (पैगंबरांविषयीच्या परंपरेने आलेल्या कथनाच्या) आधाराने अनेकजण मुलांच्या खेळण्यांना सूट देतात, तर काहीजण तीही देत नाहीत. आपा यात निवाडा करत बसत नाहीत. ज्या घरचे जसे असेल तसे वहीत टिपून ठेवतात आणि वर्षभर ते पाळतात. माझ्या मते या वर्गाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच आहे, कारण एका घरची शिस्त दुसऱ्या घरच्या मुलावर लादली जात नाही आणि कोणत्याही मुलाला आपल्या घरचा खुलासा चारचौघांत करावा लागत नाही.

पहिल्याच महिन्यात मुलीने उशीच्या अभ्र्यासाठी मोर काढून नेला, कारण आपल्याकडे भरतकाम म्हटले की मोर आलाच. आपांनी कागद बाजूला सारला नाही. मोरातले तुला सगळ्यांत जास्त काय आवडते, असे त्यांनी विचारले आणि मुलगी म्हणाली, ‘पिसावरचा डोळा.’ मग तेवढे एकच पीस मोठे काढायचे ठरले. मधल्या डोळ्याला गडद निळ्याचा भरीव टाका, त्याभोवती मोरपंखी आणि तांबूस सोनेरी रंगांची साखळी, आणि कडेच्या तंतूंसाठी लडीतला एकच पदर काढून घेतलेली बारीक उलटी टीप. हे पीस भरायला तिला पाच आठवडे लागले. अख्खा मोर भरला असता तर एवढे बारकाईने तिने पाहिले नसते, असे मला मनापासून वाटते. वर्गात येणाऱ्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणीने, जी मुस्लिम घरातली नाही, अख्खा मोर भरला आणि दोन्ही नमुने एकाच दोरीवर शेजारी शेजारी लटकले.

हजरत आयेशांच्या घरातल्या चित्रांच्या पडद्याची हदीस आपांनी मुलांना त्याच सुमारास सांगितली. पैगंबरांना (स.) तो पडदा नापसंत पडला, तेव्हा आयेशांनी तो फाडून त्याच्या उशा केल्या. माझ्या मुलाच्या लक्षात राहिले ते एवढेच की कापड वाया गेले नाही. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाने घरून जुन्या ओढण्या आणि कुर्ते आणले आणि गोधडी सुरू झाली. आमच्या दादी जशी कडेपासून धावदोरा घालत आत आत जात, तशीच. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकाही आपली ‘कवंदी’ अशीच कडेकडून मध्याकडे शिवत नेतात आणि चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या तुकड्यांचे ‘फूल’ लावतात. आपांनी ते फूलही शिकवले, आणि आता माझ्या घरच्या गोधडीला चार फुले आहेत.

वर्गातले सगळ्यांत कठीण काम म्हणजे आठ टोकांचा तारा. आधी कागदावर कंपासने वर्तुळ काढायचे, ते कापून तीनदा दुमडायचे, की आठ घड्या पडतात. घड्यांची एकाआड एक टोके जोडली की एक चौरस होतो, उरलेली चार जोडली की दुसरा, आणि दोन्ही मिळून तारा. कापडावर मात्र आठ टोकांचा, पण याहून टोकदार तारा आठ शंकरपाळ्यांसारख्या तुकड्यांतून जोडावा लागतो. प्रत्येक तुकड्याचे टोक बरोबर 45 अंशांचे हवे, तरच मधोमध 360 जुळतात. एकेका तुकड्यात दोराभर चूक झाली तरी ती आठांत साठत जाते आणि मध्यभागी कापडाला डोंगर येतो. मुलीचा तारा दोनदा असा फुगला, दोनदा उसवला. तिसऱ्यांदा तिने तुकडे जोडण्याआधी टाचण्यांनी टोके पडताळून पाहिली. शाळेतला कोनांचा धडा तिला तिथे कळला. मशिदींच्या जाळ्यांवर आणि अजरखच्या (ठशांनी छापलेल्या कापडाच्या) छापांवर आठ टोकांचा तारा का दिसतो, हेही आपांनी त्याच वेळी कच्छच्या अजरखचा एक तुकडा दाखवून समजावले.

मुलग्यांच्या बाबतीत मी जरा साशंक होते, कारण भरतकाम म्हणजे बायकांचे काम, असे माझा मुलगा घरातूनच शिकून गेला होता. काबागृहाचा काळा रेशमी गिलाफ (आच्छादन) दरवर्षी बदलतो आणि त्यावरच्या आयती (कुराणातली वचने) चांदीच्या आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तारेने मक्केतले पुरुष कारागीर भरतात, हे ऐकल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: पुरुषांना रेशीम घालायची मनाई आहे ना? त्याचे उत्तर म्हणून आपांनी त्याच्या हातात मशरूचा तुकडा दिला. गुजरातमधल्या पाटणला (साताऱ्याकडच्या नव्हे) हे कापड विणले जाते. पारंपरिक मशरूत उभा ताणा रेशमाचा आणि आडवा बाणा सुताचा असतो, आणि विणीमुळे रेशमाची चमक वर राहते, अंगाला मात्र सूतच लागते. ‘मशरू’ म्हणजे शरियतने (इस्लामी धर्मनियमांनी) परवानगी दिलेले. मुलाने तुकडा उलटापालटा करून गालाला लावून पाहिला. श्रद्धेच्या एका नियमातून विणकरांनी एक नवे कापड उभे केले, ही गोष्ट त्याला माझ्या दहा वेळा सांगण्याने कळली नसती.

साध्यासाध्या गोष्टींतही काळजी घेतलेली दिसते. छोट्या जानमाजवर (नमाज पढायच्या आसनावर) मेहराबीची (मशिदीतल्या कोनाड्याची) कमान आणि वेल भरू देतात, पण पायाखाली येणाऱ्या किंवा बसायच्या कोणत्याही वस्तूवर अल्लाहचे नाव किंवा आयत भरू देत नाहीत. ती अक्षरे भिंतीवरच्या चौकटीसाठी राखून ठेवलेली असतात. सगळ्या मुलांनी कुराणासाठी जुजदान (कापडी वेष्टण) शिवले आहे, आणि मुलाने स्वतःची टोपी क्रोशाने विणली आहे. वर्ग असरनंतर (दुपारनंतरच्या नमाजानंतर) सुरू होऊन मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजाच्या) आधी सुटतो, शुक्रवारी आणि रमजानमध्ये बंद असतो, त्यामुळे मकतबची (मुलांच्या धार्मिक शाळेची) वेळ चुकत नाही. फी महिन्याला 400 रुपये आहे, दोरे आणि कापड आपले आपण आणायचे.

उणिवा आहेत आणि त्या मी आपांनाही सांगितल्या आहेत. मुलग्यांचा वर्ग आठवड्यातून एकदाच आणि तासाभराचाच असतो. टोपीचे शेवटचे फेरे मुलाला घरी माझ्या नणंदेकडून शिकावे लागले. शिवणयंत्र एकच आहे आणि मोठ्या मुलींचा नंबर लागेपर्यंत मगरिब होते. आपल्याच जिल्ह्यात विट्याला यंत्रमाग चालतात, तरी वर्षभरात मुलांना एकदाही तिकडे नेलेले नाही. ताणा-बाणा चित्रात पाहणे आणि धोटा धावताना पाहणे यांत फार अंतर आहे. दुसरी खोली उत्तरेकडची असल्याने हिवाळ्यात तिथे साडेपाचनंतर काळ्या कापडावरचा काळा दोरा दिसत नाही. चष्मा असलेल्या मुलांच्या पालकांनी नाव घालतानाच रस्त्याकडच्या खिडकीजवळची जागा मागून घ्यावी. आपा ती देतात.